रेफ्रींचा ऑनलाईन कोर्स: रेषेचं पक्कं, हाताचं कच्चं

कोर्सचं नाव सांगत नाही कारण पुढे तक्रार करणारे, पण फुटबॉलचे नवीन रेफ्री घेतात तसला व्हिडिओवाला बेसिक कोर्स आहे. मी हौशी मॅचमध्ये शिट्टी वाजवतो आणि एकही मॅच अशी जात नाही की बॉक्सजवळ (म्हणजे गोलसमोरचा पेनल्टी एरिया) कुणाच्या हाताला बॉल लागला नाही आणि दोन्ही टीम माझ्या अंगावर धावून आल्या नाहीत, म्हणून खरं सांगायचं तर फक्त हँडबॉलच्या चॅप्टरसाठी घेतला. ऑफसाईडचा भाग ठीकठाक, थ्रो-इनचा मी पळवत बघितला.

हँडबॉलचा पहिला अर्धा भाग मात्र एक नंबर. हे लोक सुरुवात हातापासून करतच नाहीत, रेषेपासून करतात. पेनल्टी एरिया 16.5 मीटरचा हे सगळ्यांना पाठ असतं पण ती रेष स्वतः एरियातच धरतात हे वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं, म्हणजे रेषेवर हँडबॉल झाला तरी पेनल्टीच. आणि बघायचं काय, तर पाय नाहीत, हात आणि बॉल जिथे एकमेकांना लागले ती जागा. डिफेंडरचे दोन्ही पाय बाहेर आहेत पण हात आत घालून बॉल अडवला, पेनल्टी. गोलीचे (गोलकीपरचे) पाय आत आहेत पण पुढे वाकून बाहेरचा बॉल हातात घेतला, तर डायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल मारता येणारी. इथे क्लिप वरच्या कॅमेऱ्यातून आहे, थांबवून थांबवून दाखवतात, माझ्या डोक्यातला गोंधळ तिथेच संपला, याआधी मी कायम पायाकडे बघून निर्णय द्यायचो आणि किती चुकलो असेन देव जाणे.

गोलीवर पण चांगला वेळ दिलाय. बाहेर आला की तो बाकीच्यांसारखाच, पण म्हणून हात लावला की लगेच रेड असं नाही, गोल किंवा गोलची अगदी सरळ संधी हाताने घालवली तरच रेड. आणि आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास गोलीने आत हातात घेतला की सगळे पेनल्टी पेनल्टी ओरडतात बघा, ती पेनल्टी नसतेच, इनडायरेक्ट फ्री किक असते (आधी दुसऱ्या कुणाला बॉल लागल्याशिवाय गोल धरत नाहीत), 1992 पासून. हे गोलच्या अगदी तोंडाशी घडलं तर बॉल गोललाईनपासून 5.5 मीटरच्या रेषेवर आणून ठेवायचा. हे मला नवीन होतं, कबूल करतो.

आता दुसरा भाग, आणि इथे यांची हवा निघते. हात लागला हे नक्की, पण गुन्हा आहे का? हात कुठून सुरू होतो ते सांगितलंय, म्हणजे काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेपर्यंत खांदा, त्याखाली हात. छान. पण हाताने शरीर अनैसर्गिकपणे मोठं केलं का, हा जो खरा भांडणाचा मुद्दा, त्यावर दोन क्लिपा, दोन्ही इतक्या सोप्या की लहान पोर सांगेल, आणि वर "रेफ्रीने विचारपूर्वक ठरवावं". अहो तेच तर शिकायला आलो होतो! 2019 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये पहिल्याच मिनिटात टॉटनहॅमच्या सिसोकोचा हात पसरलेला होता म्हणून लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली, 2024 च्या युरोत जर्मनीच्या मुसियालाचा शॉट स्पेनच्या कुकुरेलाच्या हाताला लागला आणि काहीच मिळालं नाही, या दोन क्लिपा शेजारी शेजारी ठेवून हात कुठे होता, कुठे जात होता, त्या हालचालीसाठी तो तिथे असणं साहजिक होतं का, एवढं बोलले असते तरी पैसे वसूल झाले असते.

अटॅकरचा नियम एका स्लाईडमध्ये उरकलाय, तो बरोबर आहे तेवढा. चुकून का होईना, स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला किंवा लागल्यावर लगेच त्यानेच मारला तर गोल रद्द, पण टीममेटच्या हाताला चुकून लागून बॉल आला असेल तर 2021 पासून चालतं.

आणि शेवटची परीक्षा म्हणजे डोक्याला ताप. प्रश्न असा की डिफेंडरचा हात पसरलेला होता, मुद्दाम लावला नाही, पण नक्की होणारा गोल अडला आणि पेनल्टी दिली, कार्ड कोणतं? 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेच्या सुआरेझने घानाविरुद्ध गोललाईनवर अडवला तसा मुद्दाम अडवला तर रेडच, त्यात वाद नाही. पण मुद्दाम नसेल आणि पेनल्टी दिली असेल तर 2024-25 च्या नियमांपासून यलो. मी यलो टिक केलं, चूक दाखवलं. मेल केला, उत्तर आलं की अभ्यासक्रम "लवकरच" अपडेट होईल. बाकी एक-दोन ठिकाणी माझीच चूक होती त्यामुळे मार्क काठावर आलेले, दुसऱ्यांदा बसलो तेव्हा तोच प्रश्न परत आला.

रेषेच्या भागाला पाचपैकी पाच, हाताच्या भागाला दोन. सर्टिफिकेट मिळालं, पण त्यासाठी रेडवर टिक करावं लागलं, आणि ते मात्र मी पूर्ण मुद्दाम केलं.