व्हीएस कोडचा डीबगर, सात महिन्यांनंतर: लातूरच्या यार्डात पकडलेली 'आठ साठ'ची चूक

मृग निघाला तेव्हा मी व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधला डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन, मनावर घेतला. आता येळवस (वेळ अमावस्या) होऊन गेली, म्हणजे सात महिने झाले. एडिटर त्याच्याही आधीपासून माझ्याकडे होता, पण चूक शोधायची म्हटलं की जागोजागी प्रिंट टाकायचे आणि काळ्या खिडकीत आकडे वाचत बसायचं, हीच माझी पद्धत होती. ती का बदलली आणि बदलून काय मिळालं, ते सविस्तर लिहिते. आमच्या भागात एकट्याने छोट्या दुकानांची सॉफ्टवेअर करणारे बरेच जण आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं.

माझं काम असं. लातूरच्या मार्केट यार्डातल्या तीन आडत दुकानांना मी पायथनमध्ये तोलाईचं सॉफ्टवेअर करून दिलंय. इलेक्ट्रॉनिक काट्यावर सोयाबीनचा कट्टा ठेवला आणि वजन स्थिर झालं की काटा सिरियल केबलमधून वजन पाठवतो. प्रोग्राम ते टिपून घेतो. शेवटी हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी छापली जाते. दिसायला साधा प्रोग्राम, पण वजन चुकलं तर चूक थेट कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टात जाते, हे माझ्या डोक्यात कायम असतं.

दसऱ्यानंतर आवक वाढली आणि एका दुकानातून मापाडी मामांचा फोन आला. "ताई, काट्यावर अठ्ठेचाळीस साठ हाय, आन तुमच्या कॉम्प्युटरवर आठ साठ आलंय. परत ठेवलं की बरोबर येतंय बघा." म्हणजे ४८.६० किलोच्या जागी ८.६०. मी विचारलं, दिवसाला किती वेळा होतं? "एखाददुसऱ्या बारीला. चारशे कट्टे मोजले तर दोन." मामांची नजर काट्यावरून हलत नाही म्हणून हे लक्षात आलं. नाहीतर एका कट्ट्यामागे ४० किलो गायब झाले असते. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या हिशेबाने ते २,१३१ रुपये होतात.

घरी मी खोटा काटा तयार केला होता, म्हणजे तशीच वजनं पाठवणारा छोटा प्रोग्राम. त्यावर दोन हजार कट्टे मोजले, एकही चुकला नाही. मग रात्री दुकान बंद झाल्यावर मालकांची परवानगी काढून खऱ्या काट्यावर बसले. व्हीएस कोड उघडला, जिथे प्रोग्राम पोर्ट वाचतो त्या ओळीवर एफ ९ दाबून ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रामने थांबायची खूण, लावला, एफ ५ ने चालू केलं आणि एकच कट्टा शंभरदा ठेवला-उचलला. कट्टा उचलणारी पोरं थकली. दर वेळी प्रोग्राम थांबायचा, मी डाव्या बाजूच्या यादीत किमती बघायची, एफ १० ने पुढे जायची आणि वजन अगदी बरोबर यायचं. शंभरपैकी शंभर. दुसऱ्या दिवशी डीबगर बंद करून धंदा सुरू झाला आणि दुपारपर्यंत पुन्हा आठ साठ.

अशा चुकीला हायझेनबग म्हणतात. बघायला गेलं की नाहीशी होणारी चूक. जिम ग्रे यांनी १९८५ साली संगणक का बंद पडतात यावर लिहिताना हा शब्द वापरला होता आणि पुन्हा प्रयत्न केला की अशी चूक बहुधा दिसत नाही, असं मांडलं होतं. मामा फोनवर तेच सांगत होते: परत ठेवलं की बरोबर येतंय. तेव्हा मला ते कळलं नाही, हे मात्र खरं.

यानंतरच्या आठ दिवसांत मी डीबगरच्या जवळजवळ प्रत्येक सोयीला हात लावला, त्यामुळे परीक्षण करायला माझ्याकडे सामान भरपूर आहे.

सगळ्यात आधी वॉच. त्या चौकटीत एखादी राशी (व्हेरिएबल किंवा सूत्र) लिहिली की प्रत्येक थांब्यावर तिची किंमत दिसते. पोर्टच्या बफरमध्ये, म्हणजे आलेली अक्षरं वाचेपर्यंत जिथे थांबतात तिथे, काय पडलंय ते बघावं म्हणून मी वॉचमध्ये पायसिरियल या सिरियल पोर्ट वाचायच्या पायथन लायब्ररीचं 'रीड ऑल' लिहिलं, आणि त्यानंतर प्रोग्रामला वजनच मिळेना. अर्धा तास केबल हलवून बघितली. कारण केबलमध्ये नव्हतं. वॉचमध्ये लिहिलेलं प्रत्येक थांब्याला खरोखर चालवलं जातं. 'रीड ऑल' चाललं की बफरमधली अक्षरं वाचून संपतात, म्हणजे प्रोग्रामच्या वाट्याचं डीबगरनेच खाल्लं. ही व्हीएस कोडची खोड नाही, बहुतेक डीबगरचं वॉच असंच चालतं. किती अक्षरं वाट बघतायत एवढं सांगणारं 'इन वेटिंग' लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. तेव्हापासून वॉचमध्ये काही लिहिण्याआधी मी स्वतःला विचारते की याने काही बदलतंय का.

मग अटीचा ब्रेकपॉइंट. वजन २० किलोपेक्षा कमी आलं तरच थांब, अशी अट घातली. कल्पना योग्यच होती, कारण भरलेला कट्टा इतका हलका नसतोच. पण वाचण्याच्या ओळीवरचा जुना ब्रेकपॉइंट मी तसाच चालू ठेवला होता. प्रत्येक वजनाला आधी तिथे थांबायचं, मी कंटिन्यू करायची आणि पुढची अट कधीच खरी व्हायची नाही. यात आणखी दोन रात्री गेल्या. ब्रेकपॉइंटच्या यादीत प्रत्येकापुढे टिक असते, ती काढून तो तात्पुरता बंद करता येतो. एवढं त्या रात्री सुचायला हवं होतं.

शेवटी उपयोगी पडला लॉगपॉइंट. हासुद्धा ओळीच्या डावीकडेच लावायचा, राइट क्लिक करून. फरक इतकाच की तो प्रोग्रामला थांबवत नाही, महिरपी कंसात दिलेली राशी डीबग कन्सोलमध्ये लिहितो आणि पुढे जाऊ देतो. दिवसा, चालू धंद्यात, हमाल रांगेत कट्टे घेऊन उभे असताना हाच लावता येतो, थांबणारा ब्रेकपॉइंट नाही. मी सगळे जुने ब्रेकपॉइंट बंद केले आणि वाचून झाल्याच्या पुढच्या ओळीवर एक लॉगपॉइंट ठेवला: आलेल्या मजकुराची लांबी आणि तो मजकूर. दुकानातला पीसी गुंतवायचा नव्हता, म्हणून तिथे डीबगपाय या पायथनच्या डीबगरला ५६७८ या नेटवर्क पोर्टवर ऐकायला लावलं आणि माझ्या लॅपटॉपवरून वायफायने अटॅच झाले, म्हणजे त्या चालू प्रोग्रामला जोडून घेतलं. बाजूच्या गादीवर बसून कन्सोल बघत होते.

१३, १३, १३, १३. आमचा काटा प्रत्येक वजनाला १३ अक्षरं पाठवतो: अधिकचं चिन्ह, आठ अक्षरांचं वजन, किलोची दोन आणि ओळ संपल्याची दोन. तासाभराने एक ओळ आली: ५. तिच्या लगेच खाली: ८. पाच अक्षरांत '+०००४' आणि आठ अक्षरांत '८.६०' व पुढचं. मामांनी तेवढ्यात हाक मारली, "ताई, आलं बघा आठ साठ!"

चूक माझ्या कोडमध्ये होती आणि तिचा हिशेब लावला तर सगळं जुळतं. पोर्टचा वेग ९६०० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला सुरुवात आणि शेवटाचे धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं आणि एका अक्षराला जेमतेम एक मिलिसेकंद. पूर्ण वजन यायला साडेतेरा मिलिसेकंद. माझा प्रोग्राम दर २०० मिलिसेकंदांनी डोकावायचा आणि त्या क्षणी जेवढं आलंय तेवढंच उचलायचा. तो नेमका चार आणि आठ या अंकांच्या मधल्या मिलिसेकंदात डोकावला तर '+०००४' हातात यायचं. त्यात दशांश नाही म्हणून प्रोग्राम ते टाकून द्यायचा. पुढच्या फेरीत '८.६०' यायचं आणि ते त्याला चोख वजन वाटायचं. २०० मिलिसेकंदांत एक मिलिसेकंद, म्हणजे साधारण दोनशे कट्ट्यांत एक. मामांनी सांगितलेलं चारशेत दोन, अगदी तेच. शून्यांच्या मध्ये तुटलं तर वजनाला काही होत नाही, आठच्या लगेच पुढे तुटलं तर वजन नोंदलंच जात नाही आणि मामा कट्टा पुन्हा ठेवतात. म्हणून इतके दिवस कुणाला संशय आला नाही.

डीबगरमध्ये ती का दिसत नव्हती, तेही आता उघड आहे. वाचण्याच्या ओळीवर थांबले की मी निदान दोन सेकंद बघत बसणार. तेवढ्यात उरलेली अक्षरं बफरमध्ये येऊन पडणार आणि पुढे गेले की तेराच्या तेरा हातात. मी थांबत होते म्हणूनच वजन बरोबर येत होतं. घरचा खोटा काटाही तेरा अक्षरं एका झटक्यात द्यायचा, म्हणून तिथेही सगळं ठीक.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच जोडीने. संध्याकाळी कन्सोल वर सरकवून बघताना एका ठिकाणी उलटं दिसलं: आधी ८, मग ५. '+०००४८.६' आणि नंतर उरलेला '५'. म्हणजे काट्यावर ४८.६५ होते आणि पट्टीवर ४८.६० गेले. पन्नास ग्रॅम. आठ साठ डोळ्यांत खुपतं, हे कुणालाच दिसत नाही. अडीच-पावणेतीन रुपयांचा फरक, पण तो दर वेळी शेतकऱ्याच्याच विरुद्ध जाणारा. तुटलेला शेवटचा अंक वजन कमीच करणार, वाढवणार कधीच नाही. मी मालकांना त्याच रात्री सांगितलं. मागच्या पट्ट्यांत असं किती वेळा झालं ते काढता येत नाही, कारण मी काट्याचा मूळ मजकूर साठवतच नव्हते. मालक थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "उद्यापासून हातानं लिहू, पण नीट करून द्या." दोन दिवस मामांनी वहीत वजनं लिहिली.

दुरुस्ती दहा ओळींची आहे. आलेली अक्षरं साठवत जायची, ओळ संपल्याचं चिन्ह दिसलं की तेवढाच तुकडा कापायचा, तो नेमका १३ अक्षरांचा आणि शेवटी किलो असलेला असेल तरच वजन धरायचं, नाहीतर पडद्यावर लाल पट्टी. पायसिरियलचं 'रीडलाइन' वापरणाऱ्यांनीही लक्ष ठेवावं: टाइमआउट (वाट बघायची मुदत) दिला असेल आणि तो संपला तर ते अर्धवट ओळही परत देतं. आणि आता प्रत्येक कट्ट्याचा मूळ मजकूर वजनाशेजारी साठवला जातो.

आता बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एफ ११ ने लायब्ररीच्या आत शिरायचं असेल तर डीबगरच्या सेटिंगची जी लाँच फाइल असते तिच्यात 'जस्ट माय कोड' बंद करावं लागतं. ते मुळात चालू असतं आणि नवख्या माणसाला आत का जाता येत नाही ते कळत नाही. मी ते बंद करून पायसिरियलचा कोड वाचला तेव्हाच टाइमआउटचं समजलं. अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली चूक) आला की तिथेच थांबायची सोय मी रोज वापरते. कॉल स्टॅकच्या चौकटीत वेगवेगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग, दिसतात, छपाई आणि वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये असेल तर त्याचा फार आधार होतो. कन्सोलमधला मजकूर मात्र वेळच्या वेळी फाइलमध्ये उतरवून ठेवा. खिडकी बंद झाली की पुरावा गेला, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

एडिटर फुकट आहे, २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. डीबगर आणि एडिटर यांच्यातलं बोलणं एका ठरलेल्या प्रोटोकॉलने चालतं, म्हणून पायथनला शिकलेली बटणं मला जावास्क्रिप्टला तशीच्या तशी वापरता आली. एडिटर इलेक्ट्रॉन या ब्राउझरवर आधारलेल्या चौकटीवर बांधलेला असल्याने मेमरी बऱ्यापैकी घेतो. दुकानातल्या चार जीबीच्या पीसीवर मी तो चढवलाच नाही, अटॅच करण्याचा मार्ग धरला तो त्यासाठीही. सिरियल पोर्ट बघण्यासाठीचं एक एक्स्टेंशन मध्ये घेतलं होतं. ते पोर्ट धरून ठेवायचं आणि प्रोग्रामला उघडू द्यायचं नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी काढलं.

काट्याशी, मीटरशी, आरएफआयडीशी, म्हणजे बाहेरच्या कुठल्याही यंत्राशी बोलणारं काम असेल तर मी हा डीबगर घ्या म्हणून आग्रहाने सांगेन, पण थांबणाऱ्या ब्रेकपॉइंटने सुरुवात करू नका. आधी लॉगपॉइंट लावा, वाचण्याच्या ओळीच्या पुढे, आधी नाही.

तिन्ही दुकानांत आता नवा कोड आहे. लॉगपॉइंटलाही अट घालता येते हे मला नंतर कळलं, म्हणून माझ्या लॅपटॉपवर एक कायमचा ठेवलाय: कापलेला तुकडा तेरा अक्षरांचा नसेल तरच लिही. आठवड्यातून एक दिवस मी यार्डात जाते, अटॅच होते आणि मामांच्या शेजारी बसते. येळवशीच्या आदल्या दिवशी ३६० कट्टे झाले आणि कन्सोल रिकामा होता. मामांनी तरी संध्याकाळी पट्टीवरची वजनं वहीशी ताडून बघितली. ती वही त्यांनी बंद केलेली नाही, आणि मीही करा म्हणाले नाही.