कारमायकल रोडची जपानी वकिलात : सुनेच्या लग्नाची नोंद

ज्यांच्या घरी परदेशी सून आली आहे त्यांच्यासाठी लिहितेय. माझी सून जपानची. लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं, फोर्टच्या ओल्ड कस्टम हाउसमध्ये, तीस दिवसांची नोटीस वगैरे सगळं रीतसर. सर्टिफिकेट हातात आलं आणि नातेवाईक म्हणाले, सुटलात. पण इथे लग्न झालं तरी जपानच्या दप्तरी मुलगी कुमारिकाच राहते. परदेशात लग्न केल्यावर तीन महिन्यांच्या आत ते त्यांच्या सरकारला कळवावं लागतं.

मुंबईतली वकिलात कंबाला हिलला, एम. एल. डहाणूकर मार्गावर आहे, म्हणजे आपला कारमायकल रोड. ग्रँट रोडहून सरळ टॅक्सी करा.

कामं दोन आहेत, त्यांची गल्लत करू नका. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या जपानी माणसाने इथला पत्ता कळवायचा, हे एक. ते ऑनलाइन होतं, आणि मग सुरक्षिततेच्या सूचना तिच्या भाषेत ईमेलवर येऊ लागतात. लग्नाची नोंद हे दुसरं. तिकडे घराण्याचं सरकारी रजिस्टर असतं, कोसेकी. लग्नानंतर मुलगी आईवडिलांच्या कोसेकीतून निघते आणि तिच्या नावाने नवी कोसेकी सुरू होते. नवरा परदेशी असला की तो त्या कोसेकीचा सदस्य होत नाही, फक्त लग्नाच्या नोंदीत त्याचं नाव लागतं. माझ्या मुलाचं नाव तिच्या रजिस्टरात! मला तर फार आवडलं हे.

सर्टिफिकेटचं जपानी भाषांतर जोडावं लागतं. एका एजंटाने त्याचे अवाच्या सवा पैसे सांगितले. देऊ नका. घरी केलेलं भाषांतर चालतं, खाली करणाऱ्याचं नाव हवं, एवढंच. सुनेने जेवणाच्या टेबलावर बसून केलं. खिडकीवरच्या बाई पेन्सिल घेऊन एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून बघत होत्या. पत्त्यात इमारतीचं नाव राहून गेलं होतं, तिथे त्यांनी बारीकशी खूण केली आणि तिथल्या तिथे भरून घेतलं. आवाज चढवणं नाही की उद्या या नाही. लग्न कळवायला फीसुद्धा नाही. कागद इथून जपानला जातात, त्यामुळे नवी कोसेकी दिसायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावा.

आडनावाबद्दल शेजारीपाजारी विचारतातच. परदेशी माणसाशी लग्न केलं तर जपानी बायकोचं आडनाव आपोआप बदलत नाही. बदलायचंच असेल तर सहा महिन्यांत नुसत्या अर्जावर होतं, नंतर मात्र तिथल्या कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. आमच्या सुनेने स्वतःचंच ठेवलं. निर्णय तिचा, आणि मी तिच्या बाजूने आहे.

आपल्याकडची एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयातली नोंद वेगळी, ती भारत सरकारची. वकिलातीत नाव लागलं म्हणून ती टळत नाही.

आणि पुढे इथे बाळ झालं तर जन्माचं कळवतानाच जपानी नागरिकत्व राखून ठेवायचा रकाना भरायचा, तोही तीन महिन्यांच्या आत. ही मुदत हुकली तर बाळाचं जपानी नागरिकत्व जातं. बारशाच्या गडबडीत विसरू नका.