०:५२:३४ खताच्या नावाखाली ३१,८०० चा चुना

लाज वाटतेय लिहायला, पण लिहितो. तासगाव भागात बारा वर्षं द्राक्षबाग करतोय, नवखा नाही, तरी गंडलो. खरड छाटणीनंतर (एप्रिलची छाटणी) घडनिर्मितीला ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट, आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे) लागणारच होतं, दुकानात २५ किलोचं पोतं ४,१०० ला आणि हा गाडीवाला २,६५० ला बांधावर टाकून देतो म्हणाला. १२ पोती, ३१,८०० रुपये, बिल म्हणजे पावतीबुकातला चिटोरा. छपाई, शिलाई सगळं ओरिजिनलसारखं, कोणीही फसला असता. वर मला सांगतो, "भाऊ, ह्यात थोडा नत्रबी हाय, फुटवा बघा" आणि मी मान डोलावली! अरे नत्राचा पहिलाच आकडा शून्य आहे, मोनो पोटॅशियम फॉस्फेटमध्ये नत्र येईल कुठून?

पण खरी चूक ड्रमवर झाली. हे खत आम्लधर्मी, १ टक्का द्रावणाचा पीएच साडेचारच्या आसपास. आमच्या बोअरचं पाणी ७.८, २०० लिटरला ५ किलो टाकलं की पीएच मोजायचा पेन सरळ पाच-साडेपाचवर यायचा, दरवर्षी बघतोय. त्या दिवशी ७.६. ढवळलं, परत ७.६. आणि मी काय केलं, तर पेनची बॅटरी बदलली! ११० रुपये त्याचे वेगळे. मेव्हण्याकडचं चांगलं पोतं आणलं तेव्हा तोच पेन ५.२ दाखवायला लागला, तोवर ९ पोती ड्रिपमधून गेलेली. लॅबला १,८०० भरले, फॉस्फेट ६ टक्के, बाकी बहुतेक मॅग्नेशियम सल्फेट.

कृषी ऑफिसात गेलो तर म्हणे पक्कं बिल कुठंय, फोडलेल्या पोत्याचा नमुना चालत नाही, तुमचा लॅब रिपोर्ट आम्ही धरत नाही. बरं, ३ सीलबंद आहेत, घ्या की नमुना! तर इन्स्पेक्टर दौऱ्यावर. पाच चकरा झाल्या. पोलीस म्हणतात हे कृषी खात्याचं काम. खत नियंत्रण आदेश १९८५ पासून आहे म्हणे, कुणासाठी आहे देव जाणे.

पीएच पेपर घ्या, स्वस्तात मिळतो. पेपरवर आम्लधर्मी दिसलं तरी खतात चुना घालून ओलं करा, अमोनियाचा वास आला तर ते ०:५२:३४ नाही, १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट) सारखं अमोनियमवालं खत आहे. कॅल्शियम नायट्रेट टाकून पांढरं होतंय का बघा असं कोणी सांगेल, ऐकू नका, मॅग्नेशियम सल्फेटनंही जिप्सम होऊन पांढरंच बसतं. आणि एक पोतं शिवलेलंच ठेवा.

त्याचा फोन अजून लागतो, उचलत नाही. काल डीपी बदललाय, गणपतीचा.