‘जंतू संपले’ म्हणणाऱ्या पाहुण्यापासून सावध राहा

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात जे घडले ते मी मुद्दाम लिहीत आहे, कारण तो माणूस अजूनही तालुक्यात घरोघरी फिरतो आहे, असे कानावर येते.

माझ्या काकांना जुना मधुमेह आहे. लावणीच्या दिवसांत कुणग्यातल्या चिखलात पायाला जखम झाली आणि पुढे हुडहुडी भरून ताप, खोकला, धाप सुरू झाली. आधी क्षयाचा संशय होता, पण रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय हा जंतू सापडला, म्हणजे आजार मेलिऑइडोसिस. माती आणि गढूळ पाण्यात राहणारा हा जंतू रक्तात पसरला की फुप्फुसे, यकृत, प्लीहा यांत गळवे करतो आणि जेंटामायसिनसारख्या औषधांना सहसा दाद देत नाही. काकांना दोन आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक दिले आणि घरी सोडताना, कितीही बरे वाटले तरी कोट्रायमॉक्सॅझोलच्या (सल्फा गटातल्या) गोळ्या किमान ३ महिने घ्यायला बजावले.

त्या गोळ्या चालू असतानाच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस ‘इस्पितळातून तपासणीला आलो’ म्हणत पडवीत येऊन बसला. त्याने डिस्चार्जचे कागद वाचले, काकांच्या बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला आणि सांगितले, “वहिनी, जंतू संपले. या सल्फाच्या गोळ्या आता किडनी खातील, आजच बंद करा.” मग यकृतशुद्धीच्या म्हणून दोन बाटल्या देऊन काकूंकडून ६,५०० रुपये घेतले, पावती पोस्टाने येईल, म्हणाला. पट्ट्यांची रिकामी डबी तो पडवीतच विसरला. ती रक्तातली साखर मोजण्याच्या पट्ट्यांची होती.

गोळ्या बंद झाल्या आणि काही आठवड्यांत ताप उलटला, सोनोग्राफीत प्लीहेत गळू दिसले आणि इंजेक्शने नव्याने सुरू करावी लागली. इस्पितळाने कोणालाही पाठवलेले नव्हते.

त्याच्या बोलण्यात अर्धे सत्य होते, म्हणूनच ते पटले. या गोळ्यांवर असताना किडनी, पोटॅशियम आणि रक्तपेशी तपासत राहावे लागते, पण ते प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मात्रा बदलायची की औषध, हे तेच ठरवतात. हा जंतू पेशींच्या आत दडून राहतो, त्यामुळे कल्चर स्वच्छ आले तरी गोळ्यांची मुदत पुरी करावीच लागते. शिवाय कल्चरला काही दिवस लागतात; बोटाच्या थेंबावर पाच मिनिटांत असा निकाल कोणीही देऊ शकत नाही.

असा कोणी दारात आला तर त्याच्यासमोरच डिस्चार्जच्या कागदावरील क्रमांकावर फोन लावा आणि पोलीस ठाण्यात कळवा. आम्ही तक्रार नोंदवली असून डबी आणि बाटल्या तिथे जमा केल्या आहेत.