चोर बाजारातलं रेकॉर्डचं दुकान: आधी ऐका, मग घासाघीस करा

मटण स्ट्रीटवर ग्रामोफोनच्या भोंग्यांमागे एक अरुंद दुकान आहे. पाटी नाही. शुक्रवारी बंद. रेकॉर्डींचे तीन ढीग: इंग्रजी, हिंदी फिल्मी आणि मराठी-गुजराती-भजनं असा सगळा सरमिसळ. हा तिसरा जमिनीवरच.

दुकान चालवणारे चाचा कुठलीही रेकॉर्ड लावून दाखवतात, ही इथली खरी चैन. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी लाखेची तबकडी असेल तर न सांगता सुई बदलतात, कारण एलपीची (लाँग-प्ले रेकॉर्डची) बारीक सुई तिच्या रुंद खाचेत नीट बसत नाही. २०१६ साली काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं जुनं दुकान बंद झाल्यापासून असं निवांत ऐकून घ्यायला मिळणं मला तरी दुर्मीळच झालंय.

इंग्रजी ढिगाबद्दल मात्र तक्रार आहे. तिथला भाव चाचा ठरवत नाहीत. रेकॉर्डना दहापैकी मार्क देणारी पिचफोर्क ही अमेरिकन वेबसाइट आणि यूट्यूबवरचा संगीत-समीक्षक अँथनी फँटानो ठरवतात. कॉलेजची पोरं सुई टेकायच्या आधी मोबाइलवर मार्क बघतात. ते पाहून चाचांचा पुतण्याही बघायला लागला. साडेआठच्या वर मार्क दिसले की रेकॉर्ड काचेच्या कपाटात. परवा एका मुलानं चांगली, ओरखडा नसलेली एलपी ‘५.८ आहे’ म्हणून परत ठेवली. म्हटलं, अरे, लावून तर बघ. “काका, रिव्ह्यू वाचलाय ना!” २००४ मध्ये पिचफोर्कनं ट्रॅव्हिस मॉरिसन या अमेरिकन गायकाच्या अल्बमला ०.० दिले, तेव्हा लोकांची नजर रातोरात बदलली, असं त्यानंच पुढे सांगितलं होतं. २०२४ मध्ये पिचफोर्क जीक्यू या मासिकाच्या पंखाखाली गेलं, पण जुने आकडे चिकटलेत ते चिकटलेतच. फँटानोला श्रेयही देतो: त्याच्यामुळे ही पोरं असलं कर्कश, अवघड काहीबाही आवडीनं ऐकतात, की त्यांच्या वयात आम्हाला त्याची नावंही ठाऊक नव्हती.

जमिनीवरच्या ढिगाला कुणी मार्क दिलेले नाहीत. तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खं पद बसवलेल्या नाट्यसंगीताच्या ७८, गायिका माणिक वर्मांच्या ईपी (एलपीहून छोट्या रेकॉर्ड), लावण्या, कीर्तनं. फोनवर दहापैकी किती ते सापडत नाही, म्हणून भाव अजून माणसात आहे, दीडशे रुपयांपासून. कव्हरांना पावसाळ्याची बुरशी असते. तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. यूपीआय चालतं, पावती मिळत नाही.

दुपारच्या आत जा. चाचा जेवायला उठले की पुतण्या बसतो, आणि तो रेकॉर्ड लावत नाही, मोबाइल पुढे करतो.