इमेज लाइफसायकल पॉलिसी रस्टच्या टाइपमध्ये: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऐरोलीच्या आमच्या टीमकडे एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये दोन जातींच्या इमेज साठत जातात: इमेज बिल्डर या सेवेने बनवलेल्या एएमआय (ज्यावरून नवं मशीन उठवतात ती तयार प्रत) आणि ईसीआर या साठ्यातल्या कंटेनर इमेज. जुन्या कधी काढायच्या याचे नियम पूर्वी हाताने लिहिलेल्या जेसन फायलींत होते. गेले नऊ महिने ते रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या टाइपमध्ये (माहितीचा आकार ठरवणाऱ्या व्याख्यांत) आहेत आणि जेसन त्यातून तयार होतं. हा खटाटोप करण्यासारखा आहे, पण टाइप स्वतः बांधले तरच. एसडीकेमधले (सेवेशी बोलायच्या ॲमेझॉनच्या लायब्ररीतले) आयते टाइप या कामाला पुरत नाहीत.

कारण सरळ आहे. एसडीकेमधला इमेज बिल्डरचा पॉलिसी डिटेल हा नेटवर्कवरून जाणाऱ्या मजकुराचा साचा आहे: कृती, फिल्टर, वगळण्याचे नियम, आणि आत जवळजवळ सगळं ऑप्शन (दिलं तर दिलं, नाही तर रिकामं). 'संख्येनुसार डेप्रिकेट कर' (ठराविक संख्येपलीकडच्या इमेजवर 'जुनी' अशी खूण कर) असा नियम त्यात बिनबोभाट कंपाइल होतो. प्रत्यक्षात संख्येचा फिल्टर फक्त डिलीटसाठी आहे. डेप्रिकेट आणि डिसेबल (वापर बंद करणं) वयावरच चालतात. म्हणजे चूक कळणार ती डिप्लॉय करताना. म्हणून आम्ही दोन थर ठेवले. खालचा थर म्हणजे एसडीकेचा साचा, वरचा आमचा, आणि वरून खाली नेणारं एकच फंक्शन.

वरच्या थरात एएमआय पॉलिसी आणि कंटेनर पॉलिसी हे वेगळे टाइप आहेत. कंटेनरला डिलीट ही एकच कृती लागू पडते, तेव्हा तिथे बाकीच्या दोन लिहायला जागाच नाही. एएमआयच्या पॉलिसीत जास्तीत जास्त तीन नियम बसतात. त्यासाठी व्हेक्टर (यादी) न घेता प्रत्येक कृतीचं एक ऑप्शन फील्ड ठेवलं. डिलीटचा निकष हा एनम (ठराविक पर्यायांतला एकच): वय किंवा संख्या. काळाचं एकक आणि 'किमान इतक्या राखून ठेव' ही दोन्ही फील्ड वयाच्या पोटात आहेत, कारण संख्येच्या निकषात ती निरर्थक ठरतात. किमान राखायची संख्या १ ते १० आणि फिल्टरचा आकडा १ ते १०००, या मर्यादा कन्स्ट्रक्टर (टाइपचं मूल्य तयार करणारं फंक्शन) तपासतो.

एककाबाबत मात्र कडक राहा. सेवा दिवस, आठवडे, महिने, वर्षं अशी चारही एककं घेते. पण डेप्रिकेट आधी, मग डिसेबल, शेवटी डिलीट हा क्रम तपासायचा तर आठ आठवडे आणि दोन महिने यांत मोठं कोण, याचं पक्कं उत्तर मिळत नाही. आमच्या टाइपमध्ये फक्त दिवस आहेत. १००० दिवसांची मर्यादा आम्हाला कधी आड आली नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका छोट्या बदलाचा. डिलीट करताना एएमआय काढायची का आणि स्नॅपशॉट (एएमआयमागच्या डिस्कच्या प्रती) काढायचे का, हे दोन वेगळे बूलियन (हो किंवा नाही) असतात. चार जोड्या होतात, त्यातली 'एएमआय ठेव, स्नॅपशॉट काढ' ही अशक्य, कारण नोंदवलेल्या एएमआयच्या आधाराचा स्नॅपशॉट काढताच येत नाही. उरलेल्या तिघींना आम्ही नावं दिली: फक्त नोंद (इमेज बिल्डरमधली), एएमआयसकट, स्नॅपशॉटसकट. रिव्ह्यू करणाऱ्याला आता 'ट्रू, फॉल्स' वाचून अर्थ लावावा लागत नाही. 'एएमआयसकट' दिसलं की तो लगेच विचारतो, मागे राहिलेल्या स्नॅपशॉटचं भाडं कोण भरणार?

ईसीआरच्या स्वतःच्या लाइफसायकल पॉलिसीची गोष्ट वेगळी. तिथे एपीआयला पॉलिसी अख्खी एक स्ट्रिंग म्हणून जाते, त्यामुळे एसडीकेचा कंपायलर आत डोकावतही नाही. नियमांचा प्राधान्यक्रम आकड्यांनी ठरतो, लहान आकडा आधी. 'कुठलाही टॅग' हा नियम सर्वांत मोठ्या आकड्याचाच असावा लागतो. आमच्या टाइपमध्ये आधी नियमांची यादी आणि मग वेगळं, ऐच्छिक 'शेवटचा नियम' फील्ड आहे. आकडे यादीच्या क्रमावरून पडतात. मध्येच घुसवायची सोयच नाही.

इथला खरा सापळा टॅगच्या यादीत आहे. एका नियमात 'प्रॉड' आणि 'स्टेजिंग' असे दोन प्रीफिक्स (टॅगच्या सुरुवातीची अक्षरं) दिले, तर ज्या इमेजवर दोन्ही टॅग आहेत तीच निवडली जाते. वाचणाऱ्याला मात्र 'यातला कोणताही' असं वाटतं. परिणामी नियम जागेवर असूनही काहीच निघत नाही आणि रिपॉझिटरी फुगत राहते. आम्ही एका नियमाला एकच पॅटर्न एवढंच ठेवलं. नियम चार-दोन जास्त होतात, होऊ देत.

जे टाइप पकडत नाही, तेही मांडायला हवं. प्रीफिक्सचं स्पेलिंग चुकलं तर कंपायलर गप्पच राहणार. ईसीआरला प्रीव्ह्यूची सोय आहे. पॉलिसी लावण्याआधी कोणत्या इमेज जातील ते ती दाखवते. आमच्या पाइपलाइनमध्ये ती पायरी सक्तीची आहे, कारण पॉलिसी लागू केल्यावर पात्र इमेज २४ तासांच्या आत जातात. एएमआयच्या बाजूला लाँच टेम्प्लेटवर (नवं मशीन कोणत्या एएमआयवरून उठवायचं ते सांगणाऱ्या नोंदीवर) डोळा ठेवा. डिलीट झालेल्या एएमआयवरची चालू मशीन चालूच राहतात, पण तिच्यावरून नवं मशीन उठत नाही, आणि हे नेमकं लोड वाढल्यावर कळतं. 'शेवटचं लाँच' पाहून वगळण्याचा नियम आमच्या टाइपमध्ये म्हणूनच ऑप्शन नाही, सक्तीचा आहे. रीसायकल बिनचा (काढलेलं काही दिवस परत मिळवता येण्याच्या सोयीचा) नियमही लावून ठेवा. १ ते ३६५ दिवस मुदत देता येते.

रस्टपुरती एक सूचना. वरच्या थराच्या टाइपवर सर्डे या लायब्ररीचं डीसीरियलाइझ (जेसनसारख्या मजकुरातून टाइप भरणारा कोड) थेट डिराइव्ह करू नका, म्हणजे आपोआप बनवून घेऊ नका. ते कन्स्ट्रक्टरला वळसा घालून फील्ड भरतं आणि सगळ्या मर्यादा वाऱ्यावर जातात. 'ट्राय फ्रॉम' ॲट्रिब्यूट देऊन साच्यातूनच आत यायला लावा.

टेस्टची नावं आम्ही मराठीत ठेवली आहेत, रस्ट १.५३ पासून ते चालतं. फेल झालेली टेस्ट मराठीत वाचली की काय बिघडलं ते चटकन डोक्यात शिरतं. अडचण एकच: काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकतात आणि रस्टच्या नावांत तो चालत नाही. एरर आला आणि अक्षरं तर ठीक दिसतायत, तर आधी तोच शोधा.

तोटा जाणवतो तो सेवा बदलते तेव्हा. ईसीआरमध्ये सुरुवातीला टॅगचे प्रीफिक्सच होते, वाइल्डकार्डचे पॅटर्न नंतर आले. असं काही नवं आलं की वरच्या थरात व्हेरिएंट (एनमचा नवा पर्याय) घालून, मॅच (पर्यायानुसार फांद्या पाडणारा कोड) असलेल्या सगळ्या जागा दुरुस्त करेपर्यंत ते वापरता येत नाही. शिवाय एसडीकेचे एनम नॉन-एक्झॉस्टिव्ह (पुढे नवे पर्याय येऊ शकतील असे) आहेत, त्यामुळे जुनी पॉलिसी वाचताना अनोळखी प्रकार आला तर तो गिळून न टाकता एरर द्यायची फांदी हाताने लिहावी लागते.