हिल कंट्रीतल्या रँचवर व्हाइटटेलची शिकार: गाइड एक नंबर, ऑफिसचा कारभार ढिसाळ

टेक्सासमध्ये गाइड घेऊन व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जायचं डोक्यात असेल तर माझं मत आधीच सांगून टाकतो, पैसे चांगल्या गाइडसाठी मोजा, शिंगांच्या इंचांसाठी नको. आम्ही हिल कंट्रीतल्या, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागातल्या, लॅनो काउंटीत एका खाजगी रँचवर गेलो होतो. या भागात हरणं इतकी आहेत की लॅनोला टेक्सासची हरणांची राजधानीच म्हणतात. टेक्सासमधली ९० टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, त्यामुळे ओळखीत कोणाची जमीन नसेल तर रँचवाल्याला पैसे देऊन जाणं हाच बहुतेकांचा रस्ता.

बुकिंगच्या आधी एक प्रश्न विचाराच, कुंपण लो फेन्स आहे की हाय फेन्स? लो फेन्स म्हणजे गुरांसाठी असतं तसं साधं कुंपण, हरीण त्यावरून उडी मारून येतं-जातं, म्हणजे ते खरंच रानातलं. हाय फेन्स म्हणजे साधारण आठ फुटी जाळी, आतली हरणं आतच राहतात, बऱ्याच ठिकाणी मोठ्या शिंगांसाठी मुद्दाम पैदास केलेली असतात आणि शिंगांचे इंच मोजून रेट लावतात. बून अँड क्रॉकेट क्लबच्या (शिकारीतल्या मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवणारी अमेरिकन संस्था) रेकॉर्डमध्ये अशा हाय फेन्समधलं हरीण धरतच नाहीत. मला लो फेन्सच हवं होतं आणि तसंच मिळालं, हा या रँचचा पहिला मोठा प्लस पॉइंट.

कागदपत्रांचं रँचवाले फारसं काही सांगत नाहीत, ते तुमचं तुम्हीच बघायचं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. बाहेरच्या राज्यातून येणार असाल तर नॉन-रेसिडेंट जनरल लायसन्स ३१५ डॉलर, स्वस्तातलं पाच दिवसांचं जे लायसन्स दिसतं त्यावर हरीण मारता येत नाही, नीट वाचून घ्या. आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवायला मनाई आहे, त्यातून सूट मिळते ती वैध हंटिंग लायसन्स असेल तर. म्हणजे लायसन्स आधी आणि रायफलला हात नंतर, मग ती रायफल रँचने भाड्याने दिलेली का असेना. शंका असेल तर वकिलाला विचारा, इथे अंदाजाने चालू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

तारखांचं बोलायचं तर जनरल सीझन, म्हणजे रायफलने शिकारीचा मुख्य हंगाम, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. हिल कंट्रीत नोव्हेंबरमध्ये रट असतो, म्हणजे नर माद्यांच्या मागे भर दिवसा फिरतात, साउथ टेक्सासमध्ये तेच डिसेंबरच्या मध्यावर. त्यामुळे नोव्हेंबरच्या तारखा लवकर भरतात आणि महागही असतात, फक्त मटणासाठी जायचं असेल तर डो हंट घ्या, मादीची शिकार खूप स्वस्त पडते.

आता गाइडबद्दल. ब्लाइंड म्हणजे लोखंडी पायांवर उभी केलेली पेटीसारखी खोली, समोर शंभरेक यार्डांवर मक्याचा फीडर, म्हणजे हरणांसाठी मका टाकणारं यंत्र (टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मका टाकून शिकार करणं कायदेशीर आहे, काही राज्यांत नाही). सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवता येते, पण त्या उजेडात मला नुसती शिंगं दिसत होती आणि गाइडला अख्खं हरीण दिसत होतं. आठ पॉइंटचा (शिंगांना आठ टोकं असलेला) एक देखणा बक, म्हणजे नर, आला, माझा हात रायफलकडे गेला तर हा दुर्बीण न काढता हळूच म्हणाला, "राहू दे, पोरगं आहे ते अजून." मग समजावलं, लांब सडसडीत पाय, बारीक मान, पोट आत, म्हणजे दीड-दोन वर्षांचा. वयात आलेल्या नराची मान रटमध्ये फुगून सरळ छातीत मिसळते, छाती खाली उतरलेली असते आणि पायच आखूड वाटायला लागतात. कान ताठ असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १३ इंच भरतात, त्यावरून शिंगांची रुंदी कशी जोखायची हेही दाखवलं, कारण काही काउंटींमध्ये नराच्या शिंगांची रुंदी साधारणपणे किमान १३ इंच हवी असा नियमच आहे. पैसे घेतलेला माणूस समोरचं जनावर सोडून द्यायला सांगतो याचं मला फार कौतुक वाटलं.

नंतर जो बक मिळाला तो आडवा उभा राहीपर्यंत त्याने मला थांबवलं, खांद्याच्या मागे मारायला सांगितलं आणि गोळी लागून हरीण झाडीत पळालं तरी अर्धा तास जागचं हलू दिलं नाही. मग गवतावरचं रक्त दाखवलं, गुलाबी आणि बुडबुडे असलेलं, म्हणजे फुप्फुसात लागलंय, जवळच पडलं असेल. तसंच झालं. रक्त गडद असतं तर लिव्हरला लागलंय असं धरून काही तास थांबलो असतो, घाईने मागे गेलं की जखमी जनावर लांब पळतं आणि हाल होऊन मरतं. जाग्यावरच लायसन्ससोबत मिळालेल्या टॅगवर (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) महिना आणि तारीख कापून टॅग लावला, मगच हरणाला हलवलं.

तक्रार आहे ती ऑफिसची. फोनवर "सगळं त्यात आलं" म्हणाले होते आणि निघताना कातडं काढायचे, कोल्ड रूमचे वेगळे पैसे लावले. जखमी करून हातून निसटलेल्या हरणाचेही पूर्ण पैसे द्यावे लागतात, हा नियम बहुतेक रँचवर असतो आणि मला तो योग्यच वाटतो, पण तो तिथे पोचल्यावर सांगायचा नसतो. अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही तर हे सगळं आधी ईमेलवर यायलाच पाहिजे. जेवण-खोली ठीक, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या राज्यात मांस नेणार असाल तर हाडं काढूनच न्या. हरणांमधल्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या जीवघेण्या आजारामुळे बऱ्याच राज्यांत मेंदू आणि पाठीचा कणा आणायला बंदी आहे, डोकं स्मृती म्हणून ठेवायचं असेल तर टॅक्सिडर्मीचं (डोकं टिकवून भिंतीवर लावण्याजोगं करण्याचं) काम टेक्सासमध्येच देऊन या.

गाइडला पाच स्टार, ऑफिसला दोन. मी पुन्हा जाणार ते डो हंटला आणि याच गाइडकडे, फक्त पैसे भरायच्या आधी कशाकशाचे किती हे सगळं लिहून घेणार. गाइडची टिप रोख ठेवा, ती पॅकेजमध्ये धरलेली नसते आणि या माणसाने ती खरंच कमावलेली असते.